फिट एकच नसते : झटक्यांच्या वर्गीकरणाचा इतिहास आणि आपला खानदेश

आजचा विषय वैद्यकाच्या इतिहासातला आहे. फिट, आकडी, फेफरं, मिरगी, अपस्मार अशा वेगवेगळ्या नावांनी आपण ज्याला ओळखतो, त्या झटक्यांचे डॉक्टर प्रकार कसे पाडतात आणि ही पद्धत गेल्या दोन-अडीच हजार वर्षांत कशी बदलत गेली, हे आज बघायचं आहे.

हा तर डॉक्टरांच्या वर्गातला विषय, आपल्याला काय करायचंय, असं कुणाला वाटेल. म्हणून आधी एक साधा गुणाकार करू. २०११च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांच्या वर होती आणि धुळे जिल्ह्याची साधारण साडेवीस लाख. आपल्या देशात हजार माणसांमागे पाच जणांना तरी अपस्मार असावा, असा अंदाज नेहमी धरला जातो. त्या हिशेबाने जळगाव जिल्ह्यात २१ हजारांच्या आसपास आणि धुळ्यात १० हजारांच्या आसपास माणसं निघतात. ही प्रत्यक्ष मोजणी नव्हे, नुसता गुणाकार आहे. पण त्यावरून एवढं कळतं की रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात काय किंवा साक्री-शिरपूरच्या पाड्यांवर काय, हा आजार नसलेलं मोठं गाव सापडणं कठीण. जागतिक आरोग्य संघटना सांगते की योग्य निदान आणि योग्य औषध मिळालं तर यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांचे झटके पूर्ण थांबू शकतात. योग्य औषध ठरतं योग्य प्रकारावरून. म्हणजे वर्गीकरण चुकलं तर औषध चुकतं.

आपल्या बोलीतलं वर्गीकरण

सुरुवात आपल्याच शब्दांपासून करू. 'त्याला झटका आला' असं एस.टी. स्टँडवर कुणी म्हणालं, तर नेमकं काय समजायचं? हृदयविकाराचा असेल, अर्धांगवायूचा असेल किंवा फिटचाही असेल. 'आकडी' हा शब्द घ्या. दोन वर्षांच्या पोराला ताप चढून आकडी येते, बाळंतपणाच्या सुमारास रक्तदाब वाढून बाईला आकडी येते आणि अपस्मारातही आकडी येते. अंग तिन्हींत तसंच आखडतं, पण आजार मात्र तीन. तापातली आकडी साधारण सहा महिने ते पाच वर्षं या वयात येते आणि बहुतेक मुलांचा तिच्याशी पुढे कायमचा संबंध राहत नाही. बाळंतपणातल्या आकडीत आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. तिथे तासांचा नाही, मिनिटांचा हिशेब असतो. तिसऱ्या प्रकारात, म्हणजे अपस्मारात, असं तात्कालिक कारण नसताना झटके पुन्हा पुन्हा येतात.

म्हणून डॉक्टर आधी झटका आणि आजार यांत फरक करतात. झटका ही एक घटना आहे. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बारीक विद्युतसंदेशांनी बोलतात. त्यांतल्या पुष्कळ पेशी एकाच वेळी, गरजेपेक्षा जास्त जोराने बोलू लागल्या की झटका येतो. साखर एकदम उतरली, सोडियम कमी झालं, डोक्याला मार लागला, तरी झटका येऊ शकतो. असा एखादा झटका येऊन गेला म्हणजे माणसाला अपस्मार झाला असं नाही. २०१४ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने जी व्याख्या दिली तिच्यानुसार तात्कालिक कारणाशिवाय, २४ तासांपेक्षा जास्त अंतराने दोन झटके आले, किंवा एकच आला पण पुन्हा येण्याचा धोका तपासण्यांवरून मोठा दिसला, तर त्याला अपस्मार म्हणायचं. आपल्या बोलीत हा फरक नाही. एकदा फिट आली की तो 'फिटवाला' झाला, आणि ते नाव लग्नाच्या बैठकीपर्यंत मागे लागतं.

चरक आणि गॅलेन

आता मागे जाऊ. अपस्मार या शब्दातच एक निरीक्षण आहे. स्मृती जाणं, भान निघून जाणं. चरकसंहितेने त्याचे चार प्रकार सांगितले: वातज, पित्तज, कफज आणि तिन्ही दोष एकत्र आलेला सान्निपातिक. दोषांचा सिद्धांत आज वैद्यक वापरत नाही, तो बाजूला ठेवू. पण हे प्रकार पाडताना त्या वैद्यांनी बघितलं काय, ते महत्त्वाचं आहे. झटका वारंवार येतो की बऱ्याच काळाने? शुद्ध चटकन परत येते की उशिरा? झटक्याआधी माणसाला काय दिसतं, त्याचा रंग कोणता? वातजात शुद्ध लवकर येते, कफजात उशिरा, असं त्यांनी नोंदवलं आहे. झटक्याच्या पूर्वखुणांची वेगळी यादी दिली आहे. आज न्यूरॉलॉजिस्टकडे गेलात तर तो हेच विचारतो: आधी काही जाणवलं का, किती वेळ चाललं, शुद्धीवर यायला किती वेळ लागला?

ग्रीक परंपरेत ख्रिस्तपूर्व ४००च्या सुमाराच्या हिप्पोक्रेटीसच्या नावावरील ग्रंथात स्पष्ट म्हटलं आहे की या आजारात दैवी असं काही नाही, त्याचं मूळ मेंदूत आहे. पुढे दुसऱ्या शतकात गॅलेनने तीन प्रकार केले. एक मेंदूतच सुरू होणारा, दुसरा पोटाकडून वर जाणारा, तिसरा हातापायासारख्या दुसऱ्या अवयवातून निघून मेंदूपर्यंत पोचणारा. त्याने एका मुलाची हकिगत लिहून ठेवली आहे. त्या मुलाचा झटका पायातून सुरू होई आणि थंड झुळूक वर चढत जावी तसं काहीतरी डोक्यापर्यंत जाई. झुळुकेसाठीचा तो शब्द म्हणजे 'ऑरा'. झटक्याआधीच्या जाणिवेला डॉक्टर आजही ऑराच म्हणतात.

गॅलेनचं कारण चुकलं होतं. झटका पायात नाही, पायाचं नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या भागात सुरू होतो. पण 'सुरुवात कुठून होते' हा त्याचा प्रश्न बरोबर होता. तो प्रश्न मग दीड हजार वर्षं जवळजवळ बाजूला पडला. युरोपात आणि आपल्याकडेही एकच प्रश्न पुढे राहिला: 'कुणी धरलं?' भूत, देवी, बाहेरची बाधा. भगताकडे गेलं की तोही एक वर्गीकरणच करतो, कुठली बाधा आणि तिला कुठला उतारा. त्याची चेष्टा करण्यात अर्थ नाही. घाबरलेल्या घराला दुसरं कुणी उत्तर देत नव्हतं तेव्हा तो देत होता. अडचण अशी की त्याच्या वर्गीकरणात झटक्याकडे बघायची गरजच नसते. झटका कसा सुरू झाला, कुठला हात आधी हलला, हे कुणी बघितलं नाही तरी उतारा ठरतो.

पॅरिसची इस्पितळं, लंडनचा जॅक्सन आणि आपला कोरा रकाना

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या मोठ्या इस्पितळांत शेकडो रुग्ण एका छपराखाली आले आणि त्यांची तुलना करणं शक्य झालं. तिथल्या बोलीतून दोन शब्द वैद्यकात रूढ झाले, ग्रां माल आणि पती माल. म्हणजे मोठा आजार आणि लहान आजार. माणूस पडतो, ताठ होतो, झटके देतो तो मोठा; क्षणभर हरवतो तो लहान. या क्षणभर हरवण्याला 'अॅब्सन्स', म्हणजे गैरहजेरी, हा शब्द १८२४ साली काल्मे या फ्रेंच डॉक्टरने वापरला. तो अजून टिकून आहे.

मोठा आणि लहान ही विभागणी सोपी होती, पण फसवी होती. 'लहान'मध्ये वेगवेगळ्या प्रकृतीचे झटके एकत्र गेले. हे कोडं सोडवायला सुरुवात केली लंडनच्या जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सनने. काही रुग्णांत झटका अंगठ्यापासून सुरू होतो, मग पंजा, मग दंड, मग चेहरा, असा ठरलेल्या वाटेने पुढे सरकतो, हे त्याने नीट पाहिलं. वाट ठरलेली आहे म्हणजे मेंदूत अवयवांचा काहीतरी ठरलेला नकाशा असला पाहिजे, हा त्याचा तर्क. १८७० साली त्याने आकड्यांवरचा निबंध प्रसिद्ध केला आणि १८७३ साली झटक्याची व्याख्या केली. ती थोडक्यात अशी: मेंदूच्या करड्या भागात अधूनमधून, अचानक आणि प्रमाणाबाहेर होणारा स्थानिक स्फोट. तेव्हा मेंदूची वीज मोजणारं यंत्र नव्हतं. जॅक्सनकडे होते फक्त डोळे, आणि घरच्यांनी सांगितलेल्या हकिगती.

त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? खानदेश १८१८ साली इंग्रजांकडे गेला, धुळे जिल्ह्याचं ठाणं झालं. पुढे १९०६ साली पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. आजचे जळगाव आणि धुळे हे त्यांचेच वारस. इंग्रजी राज्य मोजणीचं मोठं शौकीन. १८८१ ते १९३१ या काळातल्या खानेसुमाऱ्यांत माणसांची व्यंगंही मोजली जात आणि त्यासाठी चार रकाने असत: वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि कुष्ठरोगी. अपस्माराला रकाना नव्हता. पाचोऱ्याच्या किंवा नंदुरबारच्या एखाद्या घरात पोरगा चुलीवर पडून भाजला, विहिरीत पडून गेला, तरी तो कुठल्या तक्त्यात बसत नव्हता. आणि मोजणाऱ्याला बसवायचाच झाला, तर त्या चारांत जवळचा रकाना एकच उरतो, वेड्यांचा. हा शेजार लक्षात ठेवा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

औषधांनी आणि यंत्राने पाडलेले वर्ग

१८५७ साली लंडनच्या लोकॉकने ब्रोमाइडचा उपयोग सांगितला. १९१२ साली जर्मनीत हाउप्टमानने फिनोबार्बिटल वापरलं. ते स्वस्त औषध आजही आपल्याकडे चालतं. १९३८ साली अमेरिकेत मेरिट आणि पुटनम यांनी फेनिटोइन आणलं. आणि मग एक गंमत दिसली. फेनिटोइन पडण्याच्या मोठ्या झटक्यांवर चाललं, पण मुलांच्या 'गैरहजेरी'वर चाललं नाही. १९४५च्या सुमारास लेनॉक्सने दुसरं औषध वापरलं, ट्रायडिऑन. ते गैरहजेरीवर चाललं, पण मोठ्या झटक्यांवर नाही. म्हणजे 'मोठा' आणि 'लहान' हा एकाच आजाराच्या ताकदीतला फरक नव्हता. आतली यंत्रणाच निराळी होती.

ही यंत्रणा दिसू लागली ती ईईजीमुळे. येना शहरातल्या हान्स बर्गरने माणसाच्या टाळूवरून मेंदूच्या विद्युतलहरी टिपल्या आणि १९२९ साली ते प्रसिद्ध केलं. १९३५ साली बॉस्टनमध्ये गिब्ज, लेनॉक्स वगैरेंनी गैरहजेरीच्या झटक्यातला आलेख दाखवला: सेकंदाला तीन या ठेक्यात एक टोक आणि एक लाट, डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकदम. एका जागेहून सुरू होणारा जॅक्सनचा झटका आणि दोन्ही अर्धांत एकदम पेटणारा हा झटका यांतला फरक आता कागदावर दिसत होता.

मग सगळ्या जगाने एक भाषा बोलावी म्हणून प्रयत्न सुरू झाले. अपस्मारावर काम करणाऱ्या डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना १९०९ साली बुडापेस्टला स्थापन झाली होती. तिच्यातर्फे मार्सेलच्या आंरी गास्तो यांनी पुढाकार घेऊन केलेलं वर्गीकरण १९७० साली प्रसिद्ध झालं. त्याच साली मुंबईत डॉ. एडी भरुचा यांच्या पुढाकाराने इंडियन एपिलेप्सी असोसिएशन सुरू झाली. १९८१ साली वर्गीकरण सुधारलं, आणि त्या वेळी समितीने एक नवी गोष्ट केली. रुग्णाचं चित्रीकरण आणि ईईजी एकाच वेळी घेतलेल्या फिती एकत्र बसून पाहिल्या आणि मग नावं ठरवली. नुसत्या ऐकीव वर्णनावर भिस्त ठेवली नाही. १९८९ साली झटक्यांऐवजी आजारांचं, म्हणजे वय, कारण आणि झटके मिळून बनणाऱ्या लक्षणसमूहांचं वर्गीकरण मंजूर झालं, आणि ते मंजूर झालं आपल्या दिल्लीत भरलेल्या अधिवेशनाच्या वेळी. आपल्या धुळ्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं तेही त्याच सुमारास. जळगावला शासकीय महाविद्यालय यायला २०१८ उजाडलं.

कायद्याचा एकच रकाना

आता तो शेजार. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली आणि लग्नाच्या अटींत एक वाक्य आलं. वधू किंवा वर यांपैकी कुणाला वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके येत असता कामा नयेत, असा त्याचा अर्थ. अट मोडली तर लग्न कोर्टातून रद्द करून घेता येई. वेड आणि अपस्मार एकाच दमात, एकाच कलमात. म्हणजे खानेसुमारीने न लिहिलेला शेजार कायद्याने लिहून टाकला.

बघा, डॉक्टरांकडे १९७० आणि १९८१ साली प्रकारांची लांबलचक यादी होती. कायद्याकडे शब्द एकच. आठव्या वर्षी गैरहजेरीचे झटके येऊन मोठेपणी पूर्ण बरी झालेली मुलगी, झोपेत वर्षातून एकदा झटका येणारा शेतकरी, औषधावर दहा वर्षं एकही झटका न आलेला शिक्षक, यांच्यात फरक करायची सोय त्या शब्दात नव्हती. भीती सगळ्यांना सारखी. आणि भीतीचा परिणाम असा की घरं आजार लपवू लागली. लपवायचा म्हणजे गोळ्या लपवायच्या, गोळ्या लपवायच्या म्हणजे सासरी गेल्यावर त्या बंद करायच्या. औषध एकाएकी बंद केलं की झटके उलटून येतात, कधी थांबता थांबत नाहीत. तेव्हा कायद्यातल्या एका शब्दाचा परिणाम पोरींच्या जिवावर होत होता.

डॉक्टरांनी आणि रुग्णांच्या संघटनांनी पाठपुरावा केला आणि १९९९च्या दुरुस्तीने 'अपस्मार' हा शब्द काढला गेला. २९ डिसेंबर १९९९पासून ती लागू झाली. विशेष विवाह कायद्यातही तोच बदल झाला. आज केवळ अपस्मार आहे म्हणून लग्न बेकायदा ठरत नाही. हे आपल्याकडच्या पुष्कळ वडीलधाऱ्यांना अजून ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

कारण शोधताना झालेला एक बदल

याच काळात सीटी स्कॅन आले आणि आपल्या देशातल्या रुग्णांच्या मेंदूत एक बारीकशी गाठ पुष्कळदा दिसू लागली. ती क्षयाची समजून लोकांना महिनोन्‌महिने क्षयाची औषधं दिली जात. वेल्लोरच्या डॉक्टरांनी अशा गाठी काढून तपासल्या तेव्हा त्यांतल्या बऱ्याच फीतकृमीच्या अळीच्या निघाल्या. पुष्कळांत ती गाठ आपोआप विरूनही जाते. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ही अळी फक्त डुकराचं मांस खाणाऱ्याला होते असं नाही. फीतकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून माती, पाणी, कच्ची भाजी आणि न धुतलेले हात यांमार्गे पोटात जातात. त्यामुळे आयुष्यभर शाकाहारी राहिलेल्यालाही ती होऊ शकते. सांडपाण्यावर पिकवलेली कोथिंबीर-मुळा नीट धुऊन खाणं हा अपस्मार टाळण्याचा उपाय आहे, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण खरं आहे.

आज डॉक्टर कसे प्रकार पाडतात

२०१७ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने नवी मांडणी केली. ती समजायला तीन प्रश्न पुरेत.

पहिला प्रश्न: झटका सुरू कुठे झाला? मेंदूच्या एका भागात सुरू झाला तर फोकल. दोन्ही अर्धांत एकदम सुरू झाला तर जनरलाइज्ड. कुणी सुरुवातच पाहिली नाही तर 'सुरुवात अज्ञात'. हा तिसरा वर्ग फार प्रामाणिक आहे. माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहा, उगाच कुठल्या रकान्यात कोंबू नका, असं तो सांगतो.

दुसरा प्रश्न फोकल झटक्यासाठी: भान शाबूत होतं का? भान म्हणजे आपल्याला काय होतंय आणि भोवती काय चाललंय याची जाण.

तिसरा प्रश्न: सुरुवातीला ठळक काय दिसलं? हालचाल, की हालचालीशिवाय दुसरं काही? ताठ होणं, ठेक्यात झटके, एकदम ढिलं पडणं, नुसता हिसका, टक लावून बघणं, विचित्र वास, पोटातून काही वर चढल्यासारखं वाटणं.

२०२५ साली हे वर्गीकरण पुन्हा सुटसुटीत केलं. प्रकारांची संख्या ६३ वरून २१ वर आणली, आणि 'भान' ठरवताना नुसती आठवण नव्हे, तर हाक मारल्यावर माणूस प्रतिसाद देतो का, हेही धरायला सांगितलं. चरकाच्या चारांपासून इथवर येताना यादी वाढत गेली आणि आता थोडी आवरती घेतली जाते आहे. कारण यादी वापरायची असते, नुसती छापायची नसते.

आता तीन कल्पित उदाहरणं घेऊ.

अमळनेरकडची आठ वर्षांची मुलगी. लिहिता लिहिता थांबते, दहा सेकंद टक लावते, पुन्हा लिहू लागते. दिवसातून वीस वेळा. बाई म्हणतात, लक्ष नाही. हा जनरलाइज्ड प्रकारातला गैरहजेरीचा झटका असू शकतो. डॉक्टर तिला भिरभिरं फुंकायला लावतात. तीन मिनिटं जोरात श्वास घेतला की पुष्कळदा तो झटका समोरच दिसतो.

शिरपूरकडचा सतरा वर्षांचा मुलगा. लग्नाच्या वरातीत रात्रभर जागरण झालं आणि सकाळी मोठी फिट आली. घरचे फक्त मोठी फिट सांगतात. पण गेलं वर्षभर सकाळी उठल्यावर त्याच्या हातातून चहाचा कप उडतो, हे कुणी सांगत नाही, कारण ते धांदरटपणा समजतात. तो हिसका हीच निदानाची किल्ली. ती हाती लागली नाही आणि कार्बामॅझेपिनसारखं औषध दिलं गेलं, तर हिसके वाढू शकतात. आणि मुलाऐवजी मुलगी असेल, तर आणखी विचार करावा लागतो, कारण या प्रकारात चालणारं व्हॅल्प्रोएट गर्भाला अपायकारक ठरू शकतं.

धुळ्यातला पंचेचाळीस वर्षांचा दुकानदार. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता जळका वास येतो, मग ओठ चाटतो, शर्टाची बटणं चाळवतो, हाकेला ओ देत नाही. दोन मिनिटांनी विचारतो, काय झालं? लोक म्हणतात, सकाळीच घेतली वाटतं. हा फोकल झटका, भान हरपलेला. पडला नाही, तोंडाला फेस नाही, म्हणून याला फिट म्हणायचं कुणाच्या मनातही येत नाही.

आणि काही झटके फिटसारखे दिसतात पण मेंदूच्या विजेचे नसतात. मनावरच्या ताणातून येतात. ती ढोंगं नव्हेत. त्यांचा उपचार वेगळा, एवढंच. फिटच्या गोळ्या वाढवत नेऊन ते थांबत नाहीत.

साक्षीदार कोण?

आता शेवटचा मुद्दा. झटका बहुतेक वेळा डॉक्टरसमोर येत नाही. तो घरात, शेतात, शाळेत, कुसुंब्याला जाणाऱ्या एस.टी.त येतो. ईईजी दोन झटक्यांच्या मधल्या काळात अगदी साधा येऊ शकतो. साधा आला म्हणून अपस्मार नाही असं सिद्ध होत नाही. मग डॉक्टर वर्ग ठरवतो कशावरून? जॅक्सन ठरवत होता त्याच गोष्टीवरून, बघणाऱ्याच्या सांगण्यावरून. म्हणजे या सगळ्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची पहिली पायरी आपल्या घरातली आई, नवरा, वर्गमित्र किंवा कंडक्टर आहे.

म्हणून कुणाला झटका आला तर आधी त्याला सांभाळा. चूल, विहीर, रस्ता यांपासून दूर घ्या, डोक्याखाली मऊ काही ठेवा, कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा, चप्पल, किल्ली यांनी झटका थांबत नाही. तो बहुतेकदा आपणहून थांबतो, म्हणून त्यांना श्रेय मिळतं. घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर चालला, किंवा शुद्ध न येताच दुसरा सुरू झाला, तर दवाखाना गाठा. बाई गरोदर किंवा नुकती बाळंतीण असेल तर मिनिटं मोजत बसू नका.

आणि हे होत असताना दुसरं कुणी जवळ असेल तर त्याने बघावं: आधी काय झालं, डोळे उघडे की मिटलेले, मान कुठे वळली, कुठला हात आधी हलला, हाकेला ओ दिली का, शुद्धीवर यायला किती वेळ लागला. घरच्यांपैकी कुणी मोबाइलवर चित्रण करून ठेवलं तर उत्तमच. १९८१च्या समितीला ज्यासाठी खास कॅमेरे लावावे लागले, ते काम आज रावेरच्या एखाद्या घरातला फोन करू शकतो. ते चित्रण डॉक्टरांना दाखवायचं, गावाच्या ग्रुपवर टाकायचं नाही.

शंभर वर्षांपूर्वी मोजणीदाराकडे या माणसांसाठी रकाना नव्हता, मग कायद्याकडे चुकीचा रकाना होता. आज डॉक्टरांकडे बऱ्यापैकी बरोबर रकाने आहेत. त्यांत काय लिहायचं, ते सांगणारे मात्र आपणच आहोत. 'त्याला फिट आली' यापुढे आणखी दोन वाक्यं सांगता आली पाहिजेत, एवढंच आजच्या व्याख्यानातून घरी न्या.

आता प्रश्न घेऊ.